बाटली तीच, हिशेब वेगळा

सातारा,
श्रावणाचा पहिला आठवडा

चि. राणीस,

काल रात्री तुझा फोन आला. सोन्याला सकाळपासून पाच वेळा पातळ शी झाली, ढुंगण लालभडक झालंय, सासूबाई म्हणतात औषध उष्ण पडलं, आता बंद करू का? मी घाईत सांगितलं की बंद करू नकोस, ओआरएस चालू ठेव आणि सकाळी डॉक्टरांच्या कानावर घाल. त्यावर तू जे विचारलंस त्याने मला रात्री झोप लागू दिली नाही. तू म्हणालीस, "मामा, गेल्या महिन्यात याच औषधाने हेच झालं, तेव्हा तुम्हीच म्हणालात ताबडतोब बंद कर. आता म्हणता देत राहा. नक्की काय समजायचं मी?"

प्रश्न चोख आहे. औषधाच्या दुकानात काउंटरमागे आयुष्य घालवलेल्या माणसाला त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो. आणि तुझ्यासारख्या कितीतरी पोरी कडेवर मूल घेऊन हाच प्रश्न विचारायला दुकानात यायच्या, म्हणून हे पत्र तुझ्यापुरतं न ठेवता उघड्यावर ठेवतो आहे. तुझी हरकत नसेल असं धरून चालतो.

आधी सोन्याचं बघू. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड या जोडीच्या औषधाने मुलांना पातळ शी होणं अगदी नेहमीचं आहे. अँटिबायोटिक कुठलं आहे त्यानुसार शंभरातल्या पाचपासून तीस मुलांपर्यंत हे दिसतं, आणि ही जोडी त्यातल्या वरच्या टोकाची. आतड्यात मुक्कामाला असलेले चांगले जंतूही औषधाने मरतात, शिवाय यातलं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड आतड्याची हालचाल वाढवतं. म्हणजे सासूबाईंचं निरीक्षण खरं आहे, त्यांना खोटं पाडू नकोस. कारण तेवढं उष्णतेचं नाही. औषध उपाशीपोटी न देता जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर दे, त्रास कमी होतो. दही-ताक द्यायला हरकत नाही. जुलाब कमी करतात असं अभ्यासात दिसलं ते ठराविक जातीच्या जंतूंच्या पुड्यांनी, घरच्या दह्याचा तेवढा पक्का पुरावा नाही. पण दह्याने बिघडत काही नाही आणि मूल चार घास जास्त खातं, हा फायदा मी तरी मोजतो.

लाली आहे तिथे नीट बघ. जांघेच्या घडीत गडद लाल आणि कडेला बारीक ठिपके असतील तर ती नुसती ओल नाही, बुरशी आहे. अँटिबायोटिकनंतर ती हमखास डोकं काढते. तिला साधं बुरशीचं मलम लागतं आणि ते डॉक्टरच लिहून देतील. मेडिकलमध्ये 'खाजेचं मलम' म्हणून जे मिळतं त्यात पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, ते लेकराच्या नाजूक जागी लावायचं नाही. पावडरही नको.

थांबायचं आणि धावायचं कधी, तेही सांगतो. शीमध्ये रक्त दिसलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, किंवा प्यायलेलं सगळं उलटून पडायला लागलं, तर वाट बघायची नाही. औषध घेतल्यावर तास-दोन तासांत अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, आवाज घोगरा झाला, श्वासाला घरघर लागली, तर मामाला फोन करण्यात वेळ घालवू नकोस, सरळ दवाखाना गाठ. तिथे मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात आणि तेच जीव वाचवतं. तोंडात, डोळ्यांत फोड आले आणि कातडी सोलायला लागली तरी तसंच. या गोष्टी फार विरळ आहेत. तुला घाबरवण्यासाठी नाही, पाच वेळच्या पातळ शीपेक्षा त्या किती निराळ्या दिसतात ते कळावं म्हणून लिहिल्या.

आता गेल्या महिन्याकडे येतो. सोन्याला सर्दी होती, नाकातून पिवळं-हिरवं यायला लागलं, आणि जावईबापूंनी ऑफिसातून येताना एका मेडिकलमधून 'जरा स्ट्राँग' म्हणून ही बाटली आणली. चिठ्ठी नाही, तपासणी नाही, वजन विचारलेलं नाही. सर्दी विषाणूची असते, तिच्यावर या औषधाचा शून्य उपयोग. शेंबूड हिरवा झाला म्हणजे जंतू झाले असंही नसतं, साध्या सर्दीत तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवा होतोच. म्हणजे त्या बाटलीतून सोन्याला मिळणार काहीच नव्हतं. मग जी काही शी पातळ झाली, जी काही आग झाली, ती सगळी फुकट सोसलेली. म्हणून म्हणालो बंद कर.

या वेळी मिरजेच्या डॉक्टरांनी काय केलं आठव. शर्ट वर करून, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट त्याची छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजलं. तूच सांगितलंस की मोजणी पन्नासच्या वर आली. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त झाला, तर खोकल्याबरोबर न्यूमोनिया धरायचा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला हा आकडा पन्नास, आणि त्याहून लहानग्याला साठ. त्यात सोन्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. तेव्हा हीच बाटली त्याच्या फुप्फुसासाठी आली आहे. पाच पातळ शींच्या बदल्यात काय मिळतंय ते बघ.

एवढंच खरं तर सांगायचं होतं. दुष्परिणाम किती वाईट हा प्रश्न एकट्याने विचारण्यात अर्थ नाही. तुमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात नुसता भाव ऐकून कुणी हळदीचा सौदा करत नाही, पोत्यात हात घालून माल बघतो. औषधाच्या बाबतीत मात्र निम्मे आई-बाप भाव न विचारता माल उचलतात आणि उरलेले भाव ऐकूनच पळतात.

आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना या हिशेबाचं सर्वांत चांगलं उदाहरण क्लोरॅम्फेनिकॉलचं वाटतं. तुझ्या आजीला 'क्लोरोमायसेटिन' हे नाव पाठ होतं. 1948 च्या सुमारास ते आलं आणि विषमज्वराचं, म्हणजे टायफॉइडचं, रूपच पालटलं. त्याआधी टायफॉइड झालेल्या शंभरातली दहा ते वीस माणसं जात, उरलेली तीन-चार आठवडे अंथरुणाला खिळून राहत. आता या औषधाचा दोष ऐक. वीस-पंचवीस हजारांपासून चाळीस हजारांमध्ये एखाद्याची हाडांतली रक्त तयार होण्याची क्रियाच ते बंद पाडतं, आणि तो माणूस बहुधा वाचत नाही. टायफॉइडच्या रोग्याला हा सौदा कुणीही डोळे झाकून मान्य करेल. पण अमेरिकेत तेच औषध घसादुखीला, सर्दीला, किरकोळ तापाला वाटेल तसं दिलं गेलं आणि चांगली धडधाकट मुलं त्यात गेली. 1952 मध्ये तिथल्या सरकारला बाटलीवर इशारा छापायला लावावा लागला. पुढे 1959 च्या सुमारास कळलं की नवजात बाळांचं यकृत हे औषध पचवूच शकत नाही. बाळं राखाडी पडून दगावत होती. रेणू तोच होता. टायफॉइडमध्ये तो देव ठरला आणि सर्दीत खुनी.

तुझ्या घराजवळच याहून बोचरं उदाहरण आहे. तू वानलेसवाडीच्या स्टॉपवर उतरतेस. मिरजेचं मिशन हॉस्पिटल 1894 मध्ये उभं करणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाची ती वाडी, आणि तिथे क्षयरोग्यांचं सॅनिटोरियम होतं. औषध नव्हतं तेव्हा उपचार म्हणजे कोरडी हवा, विश्रांती, दूध-अंडी. मोठ्या माणसांपैकी काही त्यावरही तगत. पण क्षय मुलाच्या मेंदूच्या आवरणात शिरला की ते मूल जगातल्या कुठल्याच दवाखान्यात वाचत नसे. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि त्यानंतर पाचेक वर्षांत अशी मुलं पहिल्यांदा घरी परतायला लागली. त्यातली काही कायमची बहिरी होऊन परतली, कारण हे औषध कानाची नस आणि तोल सांभाळणारी यंत्रणा जाळतं. त्या आईला कुणी विचारलं असतं की बाई, हा दुष्परिणाम चालेल का, तर तिने काय उत्तर दिलं असतं? मी स्वतः ते कुणाला विचारलेलं नाही, पण अंदाज करायला फार हुशारी लागत नाही.

याच औषधावरून आणखी एक आठवतं. नायगावच्या सावित्रीबाई फुले आपल्या सातारा जिल्ह्याच्या. 1897 च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात गेल्या, आणि 10 मार्चला त्याच प्लेगने त्यांना नेलं. पन्नास वर्षांनी आलेलं हेच स्ट्रेप्टोमायसिन प्लेगवर उतारा ठरलं. आज अँटिबायोटिकला सरसकट 'विष' म्हणणारे लोक भेटतात, तुझ्या सोसायटीतही असतील, तेव्हा मला हे साल आठवतं.

आणि उलट्या बाजूचे लोकही आठवतात. 1994 चा पावसाळा. आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला, आणि टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल बाजारातून बघता बघता गायब झाल्या. साताऱ्यात एक रोगी नव्हता, पण दुकानासमोर रांग. धडधाकट मुलांसाठी आई-बाप कॅप्सूल मागत, फोडून मधातून देऊ म्हणत. टेट्रासायक्लिन वाढत्या दातांत कॅल्शियमला चिकटून बसतं आणि कायमचे पिवळे-करडे पट्टे पडतात, म्हणून आठ वर्षांखाली ते टाळतात. हे सांगितलं की लोक म्हणत, "दात गेलं तर जाऊ द्या, पोरगं राहिलं पायजे." प्लेग दारात असता तर त्यांचं बरोबर होतं. तो दारात नव्हता. पुढे गंमत अशी झाली की या दातांच्या भीतीने मूळ धरलं ते इतकं, की डॉक्सिसायक्लिन हे त्याच घराण्यातलं औषध गरजेच्या वेळीही द्यायला लोक कचरू लागले. 2018 मध्ये नागपूरकडे स्क्रब टायफसची साथ आली, त्या तापात डॉक्सिसायक्लिन जीव वाचवतं, लहान मुलाचाही. थोड्या दिवसांच्या कोर्सने दात खराब होत नाहीत हे आता मान्य झालेलं आहे. म्हणजे भीतीचा हिशेबसुद्धा अधूनमधून तपासून बघावा लागतो.

न्यूमोनियाकडे परत येतो, कारण त्यातलं सर्वांत मोठं काम आपल्या महाराष्ट्रात झालं आहे आणि त्याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग गडचिरोलीत गेले, 'सर्च' ही संस्था काढली. तिथे लहान मुलं न्यूमोनियाने मरत होती आणि डॉक्टर मैलोगणती नव्हता. त्यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दाईबायांना श्वास मोजायला शिकवलं. पुष्कळ दायांना आकडे येत नव्हते, तर त्यांच्यासाठी मणी सरकवत मोजायचं साधन केलं, एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळासह. ठरलेल्या मण्यापुढे गेलं की औषध द्यायचं, नाही गेलं तर द्यायचं नाही. औषध होतं साधं, स्वस्त को-ट्रायमॉक्साझोल. 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला: जिथे हे केलं त्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी शेकडा 0.8 दगावली, शेजारच्या ज्या गावांत केलं नाही तिथे शेकडा 13.5.

को-ट्रायमॉक्साझोल हे सल्फाचं औषध. कातडी सोलवटून काढणारी जी भयंकर रिॲक्शन मी वर लिहिली, ती ज्या औषधांनी होऊ शकते त्यांत याचं नाव वरचं आहे. ती क्वचित होते, लाखांत मोजावी इतकी. शंभरात साडेतेरा मरणं एका बाजूला ठेवल्यावर त्या गावांतल्या आयांनी कुठली बाजू घ्यावी? पण मला त्या कामातलं जास्त आवडतं ते मण्यांचं साधन. एक निरक्षर दाई 'या मुलाला औषध द्यायचं नाही' असं ठामपणे म्हणू शकत होती. आमच्याकडे बी.फार्म.ची पाटी लावलेल्या दुकानात ते म्हणायला जीभ उचलत नाही.

आकड्यांत बसणारं आणखी एक सांगतो. मुलांचा कान दुखतो, आतून सुजतो, त्यावर परदेशात कितीतरी चाचण्या झाल्या. सगळ्या एकत्र करून निघालं ते असं: वीस मुलांना अँटिबायोटिक द्यावं तेव्हा त्यातल्या एकाचं दुखणं दोन-तीन दिवसांत थांबतं, जे एरवी थांबलं नसतं. बाकीच्यांचं औषध न देताही थांबणारच असतं किंवा देऊनही थांबत नाही. आणि दर चौदा मुलांना दिलं की एकाला औषधापायी जुलाब, उलटी किंवा पुरळ. जवळजवळ बरोबरीचा मामला. म्हणून मोठ्या, एरवी बऱ्या असलेल्या मुलाच्या कानदुखीला चांगला डॉक्टर वेदनेचं औषध देतो आणि म्हणतो दोन दिवसांनी दाखवा. दोन वर्षांखालचं मूल आणि दोन्ही कान, किंवा कान फुटून वाहतोय, अशा वेळी फायद्याचं पारडं जड होतं, मग तोच डॉक्टर लगेच औषध लिहितो. असा डॉक्टर बघून लोक म्हणतात याचं काही खरं नाही, कधी देतो कधी देत नाही. राणी, तोच धरून ठेवायचा डॉक्टर.

घशाचंही तसंच. बहुतेक घसे विषाणूचे. पण शाळकरी वयाच्या मुलाला ताप आहे, खोकला-सर्दी नाही, टॉन्सिलवर पांढरं आहे, मानेत गाठी दुखतात, तर तो स्ट्रेप्टोकॉकस असू शकतो. तो नीट मारला नाही तर सांधे धरतो आणि हृदयाच्या झडपा खराब करतो. तिथे पेनिसिलिन पूर्ण दहा दिवस, कुरकुर न करता. उलट जुलाबात रक्त नसेल तर अँटिबायोटिक जवळजवळ कधीच नको. ओआरएस आणि चौदा दिवस झिंक, बस. पण आपल्याकडे मुलाला दोन जुलाब झाले की ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची बाटली निघते. जागतिक आरोग्य संघटनेने 'वापरू नका' म्हणून जोडऔषधांची जी यादी केली आहे तीत ही जोडी आहे, आणि आमच्या शेल्फवर ती पुढच्या रांगेत असते.

आमच्या लोकांबद्दल बोलायलाच हवं. मार्च 2014 पासून 'शेड्यूल एच-वन' लागू झालं. सेफिक्झिमसारखी वरच्या पायरीची अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, डॉक्टरचं आणि रोग्याचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपायचं. 2016 पासून सरकार सांगतं आहे की पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की ते औषध मनाने घ्यायचं नाही. त्याच्याही आधी, 2012-13 च्या सुमारास, महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते, त्यांनी चिठ्ठी आणि फार्मासिस्ट यांचा असा आग्रह धरला की राज्यातले औषध दुकानदार बिथरले, बंद झाले. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आमच्या दुकानदारांच्या संघटनेच्या बैठकीत ते फार कुणाला आवडलं नाही. गिऱ्हाईक मात्र निर्मळ मनाने येतं. "साहेब, पोराला लई खोकला हाय, मागच्या टायमाला दिल्यालं तेच द्या." रिकामी बाटली पुढे करतं. त्याला माहीत नसतं की खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळणं नेहमीचं आहे, आणि मागच्या वेळी पाचव्या दिवशी बरं वाटलं ते बाटलीमुळे नाही, पाचवा दिवस उजाडला म्हणून.

आता असा एक दुष्परिणाम, जो बाटलीतल्या चिठोऱ्यावर छापत नाहीत आणि जो सोन्याला जाणवणारही नाही. अँटिबायोटिक घेतलेल्या मुलाच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात आणि काही महिने मुक्काम करू शकतात. मूल ते घरभर वाटतं. उद्या सासूबाईंना लघवीचा जंतुसंसर्ग झाला आणि गोळी लागू पडली नाही, तर त्याचं मूळ नातवाच्या मागच्या महिन्यातल्या सर्दीच्या बाटलीत असू शकतं. सिद्ध करता येणार नाही, म्हणूनच कुणी मनावर घेत नाही. तुमच्याच जिल्ह्यात आटपाडीकडे बघ. डाळिंबावर तेल्या रोग पडला की स्ट्रेप्टोसायक्लिनची फवारणी करत आले आहेत. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन आहे, वानलेसवाडीच्या आणि प्लेगच्या गोष्टीतली तीच दोन नावं. ते बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पिंपरीची, 1954 मध्ये युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने उभी राहिली ती गरीब देशाच्या मुलांना पेनिसिलिन मिळावं म्हणून. 2021 च्या अखेरीस केंद्राने शेतीतल्या या वापरावर टप्प्याटप्प्याने बंदी आणायचा मसुदा काढला. शेतकऱ्याला मी नावं ठेवणार नाही, बाग जळताना बघणं सोपं नसतं. पण मेंदूच्या क्षयातून मूल सोडवणारं औषध आपण झाडाच्या पानावर शिंपडत होतो, ही गोष्ट मला गिळता येत नाही.

तू व्हॉट्सॲपवर आलेलं ते पाठवलं होतंस, की लहानपणी अँटिबायोटिक दिलेली मुलं पुढे दम्याची, लठ्ठ होतात. असा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. पण ज्यांना पुढे दमा होणार त्यांची छाती लहानपणीच जास्त वेळा वाजते आणि त्यांनाच बाटल्या जास्त मिळतात. कोण कुणामुळे, हे सुटलेलं नाही. त्यावरून न्यूमोनियाचं औषध बंद करायचं कारण नाही. सर्दीला न द्यायचं एक कारण वाढलं, इतकंच मी त्यातून घेतो.

राहिली कामाची गोष्ट. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितलेत, पाचच दे. सातही नको, तीनही नको. पावडरच्या बाटलीत पाणी उकळून गार केलेलं, खुणेपर्यंत, दोनदा हलवून पुन्हा खूण गाठायची. फेस बसू दे मग बघ, नाहीतर पाणी कमी पडतं आणि डोस जड होतो. स्वयंपाकघरातला चमचा नको, सोबत आलेलं माप किंवा सुईशिवायची सिरिंज घे. एकाच नावाच्या बाटल्या दोन ताकदीत येतात, 228.5 आणि 457, तेव्हा चिठ्ठीवरचा आकडा आणि बाटलीवरचा आकडा जुळवून बघ, आणि डॉक्टरांना चिठ्ठीवर सोन्याचं वजन लिहायला सांगत जा. बाटली फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नाही, आत. पाणी घातल्यापासून सात दिवसांनी उरलेलं फेकायचं, पुढच्या आजारासाठी जपायचं नाही. सासूबाई ठेवा म्हणतील. त्यांना सांग मामांनी परत मागवलंय.

अजून एक. पाचव्या-सहाव्या दिवशी किंवा औषध संपल्यावरही सोन्याच्या अंगावर सपाट लालसर पुरळ उठलं, ते फारसं खाजत नसलं आणि मूल खेळत असलं, तर घाबरू नकोस. अमॉक्सिसिलिनवर असं पुष्कळ मुलांना होतं आणि बहुतेक वेळा ती खरी ॲलर्जी नसते. डॉक्टरांना दाखव, फोटो काढून ठेव, आणि लसीकरणाच्या कार्डामागे लिही: कुठलं औषध, कितव्या दिवशी, कसं पुरळ, किती दिवस टिकलं. तारीख घाल. नुसतं 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असं कुणालाही लिहू देऊ नकोस. तो शिक्का बसलेल्या दहांतल्या नऊ जणांना तपासणीत ॲलर्जी निघत नाही, पण तोवर जन्मभर त्यांना जास्त महाग आणि जास्त त्रासाची औषधं मिळत राहतात.

जावईबापूंना नमस्कार. चिडू नकोस त्यांच्यावर, बाप काहीतरी हातात घेऊन घरी येऊ बघतो. त्यांना फक्त श्वास मोजायला शिकव. मूल झोपलेलं असताना, पूर्ण साठ सेकंद. उद्या सकाळी आकडा कळवा.

तुझा,
मामा